विहिरीतला दिवाळसण

जावई हा दहावा ग्रह, असे आपल्याकडे म्हणतात. बाकीचे नऊ निदान पत्रिकेत तरी सापडतात. आमच्या बाबतीत पत्रिकाच पाहिली गेली नव्हती, त्यामुळे हा दहावा एकदम घरातच उगवला. २०१७ च्या ऑगस्टमध्ये, ऐन चातुर्मासात, आमच्या एकुलत्या एक मुलीने नोंदणी कचेरीत जाऊन लग्न केले. मुलगा गोव्याचा, तिच्याच ऑफिसातला, आणि धर्माने ख्रिस्ती. मुलगा चांगला आहे हे मला पहिल्या भेटीतच कळले होते. पण कळणे निराळे आणि वळणे निराळे. सह्या झाल्या तेव्हा मी हजर होतो, पेढेही वाटले, आणि घरी येऊन जो गप्प बसलो तो बसलोच. भांडण नाही, आदळआपट नाही. मुलीचा फोन आला की, "बरी आहेस ना? थांब, आईला देतो," एवढेच माझ्या वाट्याचे बोलणे.

दोन महिन्यांनी दिवाळी आली. आमच्या सौभाग्यवतीने जाहीर केले की, दिवाळसण झालाच पाहिजे, आणि रीतसर झाला पाहिजे. पाट मांडला, रांगोळी काढली, चांदीची वाटी आणली. नरकचतुर्दशीला पहाटे साडेचारला जावईबापू डोळे चोळत उठले. मला वाटले होते, याला सगळे समजावून सांगावे लागणार. पण कारीट पुढे ठेवताच त्याने ते डाव्या पायाच्या अंगठ्याने फटकन फोडले आणि हसून म्हणाला, "सर, गोव्याला आमच्या शेजारच्या घरी मी दर वर्षी हे करायला जायचो. ते झाले की पोहे मिळायचे." मी शाळामास्तर, म्हणून तो मला 'सर' म्हणत असे. मीही ते चालू दिले होते. तेल-उटणे लावायला मेहुणा नव्हता. शेजारचा मुलगा बोलावला. खरे म्हणजे ते काम मलाही करता आले असते. मी वर्तमानपत्र उघडून बसलो.

असो. पुढे २०१८ चा जून उजाडला आणि एके दिवशी गोव्याहून विहीणबाईंचा फोन आला. आमच्या विहीणबाई कोकणीत बोलतात, आणि सावकाश बोलल्या तर आम्हाला सगळे कळते. पण त्या सावकाश कधीच बोलत नाहीत. मुलीने मध्ये पडून अर्थ लावला तो असा : "चोवीस जूनला आमचे सांजांव. लग्नानंतरचे पहिले सांजांव. त्या दिवशी नव्या जावयाने सासरी जायचे आणि सासरच्या विहिरीत उडी मारायची, अशी आमची चाल आहे. पण तुमचे घर दादरला, तिसऱ्या मजल्यावर. तिथे विहीर कुठली आणणार?" आणि मग त्यांनी स्वतःच तोड काढली, "तुमीच हांगा येयात!" म्हणजे जावई सासरी जाऊ शकत नसेल, तर सासरच जावयाकडे यावे.

सौभाग्यवती त्याच संध्याकाळी बॅग काढून बसली. मला मात्र चौतीस वर्षे भूगोल शिकवण्याची खोड. प्रवासाला निघण्यापूर्वी, आपण कुठल्या सणाला जात आहोत हे समजून घ्यावे, म्हणून मी पुस्तके चाळू लागलो. त्यातून जे हाती आले ते इतके मनोरंजक होते, की वाचकांपुढे ठेवल्यावाचून राहवत नाही.

सूर्य मागे फिरतो तो दिवस

एकवीस जून हा उत्तर गोलार्धातला सर्वांत मोठा दिवस, हे आपण चौथी-पाचवीत पाठ केलेले असते. मीही ते शेकडो मुलांकडून पाठ करून घेतले. पण मुंबईत बसून त्याची मातब्बरी कळत नाही. आपल्याकडे सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांचा, सर्वांत लहान अकराच्या आसपास. फरक इतका थोडा, की ढगांमुळे तो जाणवतही नाही. स्वीडनमधल्या स्टॉकहोमला मात्र हाच दिवस साडेअठरा तासांचा असतो, आणि डिसेंबरात तिथे जेमतेम सहा तास उजेड. ज्यांनी असा हिवाळा काढला, त्यांना या दिवसाचे अप्रूप वाटावे यात नवल नाही. आनंदाबरोबर थोडी धाकधूकही असणार. कारण सूर्य कळसाला पोचला, म्हणजे उद्यापासून उतरणीला लागला.

म्हणून युरोपभर या सुमारास फार जुन्या काळापासून डोंगरमाथ्यांवर आणि पाण्याकाठी जाळ पेटवीत आले. सूर्याला बळ यावे, पिकाला कीड लागू नये, गुराढोरांना रोग होऊ नये, हा भाव. तरणीताठी माणसे जाळावरून उड्या मारीत. आपल्या होळीची आठवण व्हावी असाच सगळा थाट.

पुढे ख्रिस्ती धर्म आला. येशूचा जन्म पंचवीस डिसेंबरला मानला जाऊ लागला. येशूला बाप्तिस्मा देणारा योहान हा त्याचा नातलग. लूकच्या शुभवर्तमानाप्रमाणे तो येशूपेक्षा सहा महिन्यांनी मोठा. तेव्हा त्याचा जन्मदिवस आला चोवीस जूनला. पंचवीस का नाही? तर रोमन लोक दिवस मोजत ते पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून उलटे. एक जानेवारी धरून मागे आठवा दिवस पंचवीस डिसेंबर. एक जुलै धरून मागे आठवा दिवस चोवीस जून, कारण जूनचे दिवस तीसच! रोमनांच्या पंचांगात हेच दोन दिवस अयनांचे मानले जात. पुढे आकाश आणि पंचांग यांची थोडी फारकत झाली, तरी सण आपल्या तारखेला चिकटून राहिला. यात हसण्यासारखे काही नाही. आपलेही उत्तरायण आकाशात सुरू होते एकवीस-बावीस डिसेंबरला, आणि आपण तिळगूळ वाटतो चौदा-पंधरा जानेवारीला.

सोळाशे वर्षांपूर्वी, आजच्या अल्जीरियातल्या हिप्पो नावाच्या गावी ऑगस्टीन नावाचे मोठे धर्मगुरू होऊन गेले. त्यांनी या दोन जन्मदिवसांचा सुरेख अर्थ लावला. येशू जन्मला तेव्हा दिवस वाढू लागतात, योहान जन्मला तेव्हा घटू लागतात. कारण योहानाने आपला मोठेपणा मागे घेऊन येशूला पुढे केले. हे वाचून मी पुस्तक मिटले आणि थोडा वेळ खिडकीबाहेर पाहत राहिलो. मुलीच्या बापालाही हे दक्षिणायन कधी ना कधी लागतेच.

जाळ आणि पाणी

या ऑगस्टीन महाशयांची एक तक्रारही होती. योहानाच्या दिवशी त्यांच्याकडचे लोक समुद्रावर जाऊन स्नाने करीत. ही जुन्या देवधर्माची खूळे सोडा, असे ते प्रवचनातून बजावीत. म्हणजे या सणात जाळाच्या जोडीला पाणीही पहिल्यापासून आहे. पुढे १३३३ साली पेट्रार्क हा इटालियन कवी जर्मनीतल्या कोलोन शहरी नेमका या सणाच्या आदल्या संध्याकाळी पोचला. ऱ्हाइन नदीच्या काठी त्याला बायकांची ही गर्दी दिसली. सुवासिक पाने-फुले ल्यालेल्या, बाह्या मागे सारलेल्या बायका नदीत हात धूत होत्या. चौकशी करता कळले की, वर्षभराचे दुर्दैव या पाण्याबरोबर वाहून जाते. हे दृश्य आपल्या पंचवटीचेही असू शकले असते!

आजही हा सण उत्तरेकडे मोठ्या हौसेने होतो. स्वीडनमध्ये पानाफुलांनी मढवलेला उंच खांब उभारून त्याभोवती फेर धरतात. नवे बटाटे, हेरिंग मासे आणि स्ट्रॉबेरी यांचे जेवण होते. लग्नाच्या मुली त्या रात्री सात प्रकारची फुले उशाखाली घेऊन झोपतात, म्हणजे होणारा नवरा स्वप्नात दिसतो. पूर्वी सण वाराप्रमाणे कुठेही येई. १९५३ पासून स्वीडन सरकारने तो सोयीसाठी शनिवारवर बांधून टाकला. लाटव्हियात ओकच्या पानांचे मुकुट घालतात, शहाजिऱ्याचे चीज खातात आणि रात्रभर जागतात. फिनलंडमध्ये तळ्याकाठी मोठमोठे जाळ पेटतात आणि दाराशी बर्चची कोवळी झाडे उभी करतात, आपण केळीचे खुंट लावतो तशी.

पोर्तुगालमध्ये ओपोर्तो शहरी या रात्री कुणी झोपत नाही. रस्त्यारस्त्यांवर सार्डिन मासे भाजतात, जाळावरून उड्या मारतात, आणि ओळखीदेखीचा विचार न करता एकमेकांच्या डोक्यावर प्लॅस्टिकचे हातोडे हाणतात! याच सणाला तिथे प्रियजनांना एका रोपाची लहानशी कुंडी भेट देतात. हे रोप म्हणजे आपल्या सब्ज्याच्या आणि तुळशीच्या जातकुळीतले. त्याला नाक लावून वास घ्यायचा नाही. तळहात फिरवून मग तळहात हुंगायचा. इतकी त्याची अदब!

हे पोर्तुगीज जिथे जिथे गेले, तिथे आपला सांव जुआंव म्हणजे संत योहान घेऊन गेले. ब्राझीलमध्ये जून हा हिवाळ्याचा महिना आणि मक्याच्या कापणीचा. तिथे मोठ्या होळ्या पेटवून मक्याचे नाना पदार्थ खातात. आणि गोव्यात? गोव्यात सूर्य डोक्यावर येतो तो मेच्या आरंभी. जूनच्या चोवीस तारखेला तो पाहायला मिळाला तरी नशीब! आभाळ फाटल्यासारखा पाऊस, शेते तुडुंब, विहिरी काठोकाठ. तिथे होळी पेटणार कशी? आदल्या रात्री गवताचा जाळ करण्याची चाल काही गावांत होती. पण सणाचा जीव जो होता, तो जाळातून निघून विहिरीत उतरला. उत्तरेकडे आगीवरून मारलेली उडी गोव्यात पाण्यात पडली.

वाड्यावरची मिरवणूक

बावीस जूनला आम्ही दादरहून निघालो. पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेळापत्रक निराळे असते. गाड्या जपून, सावकाश चालवतात. थिवीला उतरलो तेव्हा पाऊस धो धो कोसळत होता, आणि जावई दोन छत्र्या घेऊन फलाटावर उभा होता. तिथून बार्देशातले त्यांचे गाव अर्ध्या-पाऊण तासाच्या वाटेवर, शिवोलीच्या अलीकडे.

घर जुने, जांभ्या दगडाचे, पुढे सोपा आणि मागे परसू. परसात विहीर. तिच्यावर लोखंडी जाळी आणि जाळीला कुलूप. व्याह्यांनी उभा जन्म बोटीवर काढलेला. सगळी बंदरे पाहिलेला, थोडे बोलणारा माणूस. त्यांनीच मला विहिरीकडे नेले. म्हणाले, "मास्तर, बारा वर्षांत हिच्यात कुणी उडी मारलेली नाही. थोरला इंग्लंडात, मधला बोटीवर, धाकटा तुमच्याकडे मुंबईत. उडी मारायला आहे कोण? नळ आला. मी म्हणतो, बुजवून टाकावी, गाडी ठेवायला जागा होईल. पण आमचे घरमाणूस ऐकत नाही." ते थोडे थांबले. "वाड्यावरच्या किती घरांना कुलपे आहेत, ती परवा मिरवणुकीत मोजा."

त्या रात्री विहीणबाई स्वयंपाकघरात हळदीच्या पानांवर पातोळ्यांचे पीठ थापत बसल्या होत्या. आपल्याकडे नागपंचमीला होतात त्याच या पातोळ्या. आत गूळखोबरे, वर पानाचा वास. सौभाग्यवतीने न सांगता पाट ओढून घेतला आणि तीही थापू लागली. अर्ध्या तासात दोघींना दुभाष्याची गरज उरली नाही. हात चालवता चालवता विहीणबाईंनी सणाची कथा सांगितली. मुलगी अर्थ सांगत होती.

जखऱ्या नावाचा एक म्हातारा याजक होता. त्याची बायको अलीशिबा. मूलबाळ नाही. देवदूताने येऊन सांगितले, तुम्हाला मुलगा होईल. जखऱ्याचा विश्वास बसेना. तेव्हा देवदूत म्हणाला, हे घडेपर्यंत तू मुका होशील. आणि तो मुका झाला. पुढे अलीशिबेला सहावा महिना असता तिची नातलग मरिया भेटायला आली. तिच्या पोटीही येशूचा गर्भ होता. तिने दारातून हाक दिली मात्र, अलीशिबेच्या पोटातल्या बाळाने आनंदाने उडी मारली! ती उडी म्हणजेच ही विहिरीतली उडी. विहीर म्हणजे आईचे पोट. म्हणून ज्या घरी नवे मूल आले असेल, नवा जावई आला असेल, त्या घरच्या विहिरीचा मान मोठा.

"आणि तो म्हातारा?" सौभाग्यवतीने विचारले. "त्याची वाचा परत आली की नाही?"

"आली ना! बाळाचे नाव ठेवायची वेळ आली, सगळे बापाचेच नाव ठेवू म्हणाले, तेव्हा त्याने पाटीवर लिहून दिले की, याचे नाव योहान. लिहिल्याबरोबर वाचा फुटली."

सौभाग्यवतीने पातोळीवरून मान न उचलता माझ्याकडे एकदा पाहिले. मुलीनेही पाहिले. मी पाणी प्यायला उठलो.

दुसऱ्या दिवशी, तेवीसला, बायकांनी कोपेले विणली. कोपेल म्हणजे पानाफुलांचा मुकुट. पावसाने नुकत्याच फुटलेल्या रानवेली, क्रोटनची पाने, जास्वंदी आणि मधूनमधून अबोली. रविवारी चोवीसला सकाळी प्रार्थना आटोपून माणसे परतली आणि दुपारी वाड्याच्या टोकाकडून घुमटाचा आवाज ऐकू आला. घुमट हे मातीच्या मडक्याचे वाद्य. पूर्वी त्यावर घोरपडीचे कातडे मढवीत. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने घोरपडीला संरक्षण मिळाले, तेव्हा आता बकऱ्याचे कातडे असते. पुढल्याच वर्षी, २०१९ साली, गोवा सरकारने घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान दिला. जोडीला कांसाळें, म्हणजे झांज. पन्नाससाठ माणसे, पोरांपासून आजोबांपर्यंत, प्रत्येकाच्या डोक्यावर कोपेल, अंगावर चिखल, आणि तोंडी एकच गजर, "व्हिवा सांजांव!"

मिरवणूक घरोघर जाते, विहिरीविहिरीवर थांबते. घरधनी फणस, अननस, आंबे देतो. फेणीची बाटली देतो. कधी ही फळे विहिरीतच टाकतात आणि उड्या मारणाऱ्यांनी ती बुडी मारून काढायची. मी घरे मोजीत चाललो होतो. अठरा घरांपैकी सात घरांना कुलपे होती. त्यांच्या फाटकापाशीही मिरवणूक थांबे, घुमट वाजे, गजर होई, आणि लोक पुढे सरकत. बंद दारापुढचा तो गजर ऐकताना मला कसेसेच झाले.

चालताना इतिहासही आठवत होता. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा शहर घेतले, १५४३ मध्ये बार्देश आणि साष्टी त्यांच्या हाती आली. १५६० साली इन्क्विझिशन आले. १७३६ च्या त्यांच्या एका फर्मानाने नव्या ख्रिस्ती घरांतल्या जुन्या चालीरीतींवर बंदी घातली. दारी तुळस लावायची नाही, पुरुषांनी धोतर आणि बायकांनी चोळी घालायची नाही, अळणी भात शिजवायचा नाही, लग्नात हळद नको, विडा नको. ज्यांच्या स्वतःच्या देशात तुळशीच्या बहिणीची कुंडी प्रेमाने भेट देतात, त्यांनी इथली तुळस उपटायला लावली! तरीही जावयाचा मान काही त्यांना उपटता आला नसावा. मला तर वाटते, दिवाळसण बंद झाला तेव्हा तो बोळवण होऊन गेला नाही. सांजांवाच्या घरात शिरून बसला.

उडी

चारच्या सुमाराला मिरवणूक आमच्या व्याह्यांच्या परसात आली. जाळी सकाळीच काढली होती. व्याही बोटीवरचे, त्यामुळे शिस्त कडक. दोराला दगड बांधून त्यांनी पाण्याची खोली माझ्यादेखत मोजली होती. कठड्याला जाड दोर बांधला होता, मोटारीची ट्यूब तयार ठेवली होती. "प्यालेल्याने उडी मारायची नाही. एकाच वेळी दोघांनी मारायची नाही," हा हुकूम. सांजांवाच्या आनंदात गोव्यात माणसे बुडून गेल्याच्या बातम्या मी वाचल्या होत्या. फिनलंडमध्येही या सणानंतर किती जण बुडाले याचा आकडा वर्तमानपत्रे दर वर्षी देतात. त्यामुळे हा हुकूम ऐकून मला बरे वाटले.

विहीणबाईंनी जावयाला, म्हणजे आपल्याच मुलाला, पाटावर उभे केले. मग कोपेल सौभाग्यवतीच्या हाती दिले. सासूने घालायचे. सौभाग्यवतीने ते त्याच्या डोक्यावर ठेवले आणि सवयीने बोटे मोडली. सगळे हसले. घुमट घुमू लागला. मुलगा कठड्यावर चढला, एकदा आपल्या बापाकडे पाहिले, आणि 'व्हिवा' म्हणता म्हणता दिसेनासा झाला. धप्प असा आवाज झाला. बारा वर्षांनी त्या पाण्याला माणूस भेटला होता. व्याही दोर धरून वाकून पाहत होते. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता, पण दोरावरचे हात थरथरत होते.

तो वर आला आणि माझ्या मुलीने ओढणी कमरेला खोचली. मी म्हटले, "तू?"

"बाबा, पोहायला तुम्हीच शिकवले आहे."

खरेच होते. ती सात वर्षांची असताना शिवाजी पार्कजवळच्या तलावात मीच तिला घेऊन जात असे. मी स्वतः शिकलो गावच्या विहिरीत, पाठीला कोरडा भोपळा बांधून. वडील कठड्यावर उभे असत. पहिल्या दिवशी मी घाबरून कठडा सोडीना, तेव्हा ते एवढेच म्हणाले होते, "मार उडी. मी आहे." हे मी मुलीला किती वेळा सांगितले असेल! आणि आता तीच कठड्यावर उभी राहून माझ्याकडे पाहत होती. दहा महिन्यांपूर्वी तिने जी उडी मारली, तेव्हाही ती अशीच पाहत असणार. मी मात्र वर्तमानपत्र उघडून बसलो होतो.

माझ्या घशाला कोरड पडली. घुमटाच्या गोंगाटात कुणाला ऐकू गेले असेल-नसेल, पण मी म्हणालो, "मार उडी. मी आहे."

तिला ऐकू गेले.

ती वर आली तेव्हा केसांत अबोलीचे फूल अडकले होते आणि ती लहानपणी हसायची तशी हसत होती. सौभाग्यवती तिच्यामागे धावली. जावई बाजूला उभा राहून पावसात कुडकुडत होता. सौभाग्यवतीने दादरहून त्याच्यासाठी नवा पंचा आणला होता; तो माझ्याच खांद्यावर होता. मी पुढे झालो आणि त्याचे डोके पुसू लागलो. चांगले खसखसून पुसले, कानामागे, मानेला. आमचे वडील पुसत तसे. तो बिचारा मान खाली घालून उभा होता.

"थँक्यू, सर," तो म्हणाला.

"सर कसला म्हणतोस?" मी म्हटले. "घरात काय शाळा भरली आहे?"

संध्याकाळी आम्ही सगळे शिवोलीला होड्या पाहायला गेलो. आसपासच्या गावांहून पानाफुलांनी सजवलेल्या होड्या खाडीतून येतात आणि तिथल्या सांजांवाच्या कपेलाशी लागतात. पाऊस चालूच होता; छत्री कुणी उघडत नव्हते. व्याही माझ्या शेजारी उभे होते. बराच वेळाने म्हणाले, "मास्तर, गाडी रस्त्यावरही राहते."

विहीर बुजली नाही. २०२० साली करोनामुळे आम्ही मुंबईतच अडकलो, तेव्हा जावयाने न्हाणीघरात डोक्यावर बादली उपडी करून 'व्हिवा सांजांव' असा गजर केला आणि खालच्या मजल्यावरची मंडळी काय झाले म्हणून विचारायला वर आली. २०२१ मध्ये नात झाली. पुढच्या वर्षी तिच्या नावाने विहिरीत फणस पडला आणि तो काढायला वाड्यावरची अर्धी पोरे उतरली. त्या वर्षी कुलपे लागलेल्या घरांपैकी एकाचे दार उघडे होते. इंग्लंडहून त्यांचा मुलगा सणापुरता आला होता. सांजांव हा पाहुणा होऊन आलेला सण. पण गोव्याच्या मातीने त्याला जावयासारखे घरात घेतले, आपल्या पावसाचे पाणी पाजले, आणि आता तो कुठून आला हे कुणी विचारत नाही.

आमच्या घरी दिवाळी अजून तशीच होते. पहाटे साडेचारला पाणी तापते, कारीट फुटते, शेजारचा मुलगा फटाके वाजवतो. तेलाची वाटी मात्र आता त्याला देत नाहीत. जावयाच्या डोक्याला तेल मीच लावतो.